गुण्यात नसलेल्या खोल्या

आमच्या तळा गावात सपाट, चौकोनी जागा फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे. गाव तळगडाच्या पायथ्याशी, उतारावर वसलेलं. आधी घरं झाली, घरांमधून पायवाटा पडल्या, पायवाटांचे गाडीरस्ते झाले आणि डांबरही त्याच वळणांनी पडलं. त्यामुळे रस्त्याकडेच्या घराचा कोपरा कापलेला, मागची हद्द तिरकी, शेजारच्याची पडवी आपल्या भिंतीला येऊन भिडलेली, हे इथं नेहमीचंच. त्यात वाटण्या. सात खणांचं घर तीन भावांत वाटलं की प्रत्येकाला पुढून ओटी हवी आणि मागून परसात उतरायला दार हवं. मग माजघर चिरत समोरपासून मागपर्यंत भिंती उठतात आणि प्रत्येकाच्या हाती येतं ते बोळासारखं लांबच लांब घर. त्याच्या शेवटी, तिरक्या हद्दीमुळे, एक निमुळती खोली उरते. तिला ना चार सरळ कोपरे, ना धड नाव. तिथं जळाऊ लाकडं, उतरवलेली कौलं, पाटावरवंटा आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई राहते.

अशा खोल्या राहण्याजोग्या करणं हे माझं काम. आयटीआयमधून सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, काही वर्षं माणगावात एका इंजिनिअरांकडे नकाशे काढले आणि मग तळ्यातच घरी टेबल मांडलं. परवानगीसाठी एक नकाशा लागतो, कर्जासाठी एक लागतो. माझा जीव मात्र तिसऱ्या नकाशात असतो, जो मिस्त्रीच्या हातात द्यायचा आणि ज्यावरून त्याने जमिनीवर फक्की मारायची.

मिस्त्रीच्या पिशवीत सूत, ओळंबा, पाण्याची नळी आणि गुण्या असतो. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. तो लहान पडला की मिस्त्री सूत धरतात: एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि मधलं तिरकं अंतर बरोबर पाच आलं तर कोपरा सरळ. आमच्याकडच्या जुन्या घरांत ते कधी पाच फूट तीन इंच भरतं, कधी पावणेपाच. मिस्त्री मान हलवून म्हणतात, “ताई, भिंत गुण्यात नाही.” आणि लगेच उपाय सांगतात: तिरकी बाजू सोडा, आत नवी सरळ भिंत घ्या. म्हणजे निमुळता भाग कायमचा बंद, खोली चौकोनी आणि आधीच लहान असलेली जागा आणखी लहान. हा उपाय मला कधीच पटला नाही. इतकी वर्षं घरात असलेली जागा केवळ कोन चुकला म्हणून भिंतीआड टाकायची? त्या जागेत कोण वावरतं आणि कसं, हे आधी बघायला हवं. ते बघायला मला एका व्हिडिओ गेमने शिकवलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. तळा समुद्रापासून आत असूनही इथली कौलं, पत्रे, वासे काही जागेवर राहिले नाहीत. आंबे, फणस, सुपाऱ्या आडव्या झाल्या. कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानी गावात आलेले. एकेका घरात दहा-बारा माणसं आणि डोक्यावर ताडपत्री. त्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे जी कामं आली, त्यांत नवा बंगला एकही नव्हता. छप्पर गेलंय, भिंती उभ्या आहेत, आता पुन्हा बांधतोच आहोत तर खोल्या जरा नीट करून द्या, अशी ती कामं होती. भिंती हलवायला पैसा नव्हता. वाकडं होतं ते वाकडंच ठेवून त्यात राहायचं होतं.

विक्रोळीहून आलेल्या माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपवर ‘द सिम्स ४’ होता. वीज टिकायला लागल्यावर तो रात्री घरं बांधत बसायचा. या खेळात जिंकणं-हरणं नसतं. घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची आणि ती कशी जगतात ते बघायचं. तो आणि त्याचे मित्र एकमेकांना बाहेरच्या भिंतींची नुसती टरफलं पाठवायचे. एखादं त्रिकोणी, एखादं चांदणीसारखं, एखादं सापासारखं वळलेलं. दुसऱ्याने भिंत न हलवता त्यात घर बसवायचं. मी मागून बघत होते. माझ्या टेबलावर दिवसा जे नकाशे होते तेच हे कोडं होतं, फक्त इथं चूक झाली तर कुणाचे चिरे वाया जात नव्हते. मी त्याला बाजूला सरकायला सांगितलं.

हा खेळ कसा जन्माला आला ते त्याने मला नंतर सांगितलं आणि त्या दिवसांत ते फार जवळचं वाटलं. ऑक्टोबर १९९१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला. २५ माणसं गेली, तीन हजारांच्या आसपास घरं जळाली. त्यांतलं एक घर विल राइट यांचं होतं. ‘सिमसिटी’ हा शहरं वसवण्याचा खेळ त्यांनी त्याआधीच केला होता. सगळं गेल्यावर पुन्हा संसार उभा करताना, माणसाला कुठली वस्तू खरोखर लागते आणि का, हा प्रश्न त्यांच्यामागे लागला. त्यांच्या मनात आधी होता तो घर रचण्याचा खेळ. घर चांगलं झालं की नाही हे सांगायला त्यात छोटी माणसं ठेवायची होती. हळूहळू तीच खेळाचा गाभा झाली. मॅक्सिस कंपनीकडून ‘द सिम्स’ ४ फेब्रुवारी २००० ला बाजारात आला आणि दोनच वर्षांत तोवरचा सर्वाधिक खपाचा संगणकीय खेळ ठरला. घर आगीने जावो की वाऱ्याने, नंतरचा प्रश्न तोच असतो. आमच्याकडे तेव्हा घरोघरी तोच विचारला जात होता: आता पहिल्यांदा काय घ्यायचं, आणि ते कुठं ठेवायचं?

राइट यांच्यावर ज्या पुस्तकाचा प्रभाव होता ते ‘अ पॅटर्न लँग्वेज’, १९७७ सालचं, ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. मी ते मिळवून वाचलं. शहरापासून खिडकीपाशी बसण्याच्या जागेपर्यंत २५३ नमुने त्यात आहेत. अलेक्झांडर तरुणपणी गुजरातेतल्या एका खेड्यात राहिले होते. १९६४ साली आलेल्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’च्या परिशिष्टात त्यांनी एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडल्या आहेत. पाणी आहे, गुरं आहेत, लग्नकार्य आहे. आधी गरजा, मग आकार. खोलीच्या आकाराविषयी त्यांचं मत मला पटतं आणि धीरही देतं: खोली ढोबळ मानाने चौकोनी असावी, भिंती ढोबळ मानाने सरळ असाव्यात, पण स्फटिकासारख्या नेमक्या काटकोनाला काही विशेष अर्थ नाही. आमच्या जुन्या गवंड्यांनी हे पुस्तक पाहिलेलं नव्हतं, तरी त्यांनी बांधलेल्या खोल्या याच ‘ढोबळ मानाने’त बसतात.

खेळातली जमीन चौकटींची असते. एक चौकट साधारण एक मीटर धरायची, असा खेळणाऱ्यांचा रिवाज. भिंत चौकटीच्या कडेवरून जाते किंवा कर्णावरून, म्हणजे पंचेचाळीस अंशांत. अधला-मधला कोन नाही. गोल भिंती खूप उशिरा आल्या. फरशी मात्र चौकटीच्या पाव तुकड्यापर्यंत कापता येते, म्हणून तिरक्या भिंतीपाशीही ती नीट बसते. सामान एरवी चौकटीला चिकटून राहतं, पण ऑल्टची कळ दाबून धरली की हवं तिथं, हव्या कोनात ठेवता येतं. २०२० च्या अखेरीला खोलीतला एखादा भागच उंच किंवा खोल करण्याची सोय आली, तेव्हा मला आमचे ओटे खेळात बांधता यायला लागले.

आमच्या भिंती पंचेचाळीस अंशांत कधीच नसतात. सहा अंश, दहा अंश, फार तर तीस. खेळात ते काढताच येत नाही. पण यातून माझ्या हाती एक उपयोगी रीत आली. मी वाकडेपणा मुद्दाम वाढवून बघते. प्रत्यक्षात दहा अंश कललेली भिंत खेळात पंचेचाळीस अंशांत घेते आणि त्या अतिरेकी खोलीत माणूस वावरू शकतो का ते पाहते. तिथं जमलं तर इथं जमतंच.

आणि वावर दिसतो, हे या खेळाचं खरं देणं. नकाशावर पलंग म्हणजे एक आयत. खेळात घर बांधून झालं की काळ सुरू करायचा, की त्या आयताकडे माणूस चालत जातो. दुहेरी पलंगाची एक बाजू भिंतीला लावली तर दुसऱ्या माणसाला आत शिरता येत नाही. फ्रिजपुढे एक चौकट मोकळी नसेल तर तो फ्रिज असून नसल्यासारखा. दाराच्या तोंडाशी कपाट आलं की सिम, म्हणजे खेळातला माणूस, थांबतो, हात हलवून तक्रार करतो आणि उपाशीच माघारी वळतो. चौकोनी खोलीत अशा चुका झाकल्या जातात, कारण मधे कुठेतरी वाट उरतेच. निमुळत्या खोलीत त्या ताबडतोब उघड्या पडतात. म्हणून आता कुठल्याही वाकड्या खोलीत मी पहिली रेघ सामानाची मारत नाही. या दारातून त्या दारात माणूस कसा जाईल, ती वाट आधी आखते. वाटेच्या दोन्ही अंगांना जे उरेल ते बसण्या-झोपण्याला.

गडाखालच्या आळीतल्या एका घराचं काम सांगते. मधल्या भावाच्या वाटणीची शेवटची खोली: लांबी चौदा फूट, एका टोकाला रुंदी नऊ, आणि निमुळती होत दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड फूट. एक दार माजघराकडून, दुसरं परसात. खोलीत भावाची आई राहायची. गाव त्यांना काकी म्हणतं, मीही. गुडघे गेलेले, तरी पहाटे उठून परसातल्या बंबाला जाळ घालणं त्यांनी सोडलं नव्हतं. मुलाच्या मनात होतं की निमुळता सहा फुटांचा भाग भिंत घालून तोडावा, तिथं कोठार करावं आणि उरलेल्या चौकोनात आईचा पलंग टाकावा. त्यात आईची सोय व्हावी हाच त्याचा हेतू होता.

मी ती खोली खेळात उभी केली आणि तिच्यात एक म्हातारी बाई ठेवली. आधी मुलाच्या म्हणण्याप्रमाणे. भिंत घातल्यावर जो चौकोन उरला त्यात पलंग, कपाट आणि दोन दारं. दारं एकमेकांच्या तिरपी समोर, त्यामुळे वाट बरोबर खोलीच्या पोटातून. रात्री उठून मागच्या दाराकडे जाताना ती म्हातारी दर वेळी पलंगाच्या पायथ्याला वळसा घालून, कपाटाशी अडखळून जायची. मग मी भिंत काढली. पलंग निमुळत्या बाजूला सरकवला, उशाची बाजू तिरक्या भिंतीला लावून. तिथं रुंदी पाच-सहा फूट होती. पलंगाला तेवढी पुरते, उभं राहून वावरायला पुरत नाही. रुंद भाग सगळा मोकळा झाला आणि दोन्ही दारांमधली वाट सरळ झाली. उठून बसलं की पाय थेट मोकळ्या जमिनीवर. आता अगदी टोकाचा दीड फुटाचा कोपरा तेवढा राहिला. खेळात सगळे जण अशा कोपऱ्यात झाड ठेवतात किंवा उभा दिवा. मीही झाड ठेवलं.

लॅपटॉप घेऊन मी काकींच्या ओटीवर गेले. त्यांनी ती छोटी बाई बराच वेळ न्याहाळली. ती एकसारखी खुर्ची शोधत होती. काकी म्हणाल्या, “ही खाली बसत नाय काय गो बाय?”

मी म्हटलं, खेळ अमेरिकेतला आहे काकी, तिकडे खुर्चीवर बसतात.

“मी तर खालीच बसते. तांदूळ निवडते, भाजी चिरते, सगळं खालीच. ते झाड काढ नि तिथं मला बसायला कर. पण खिडकी खाली घे. तुमच्या खिडक्यांतून मला आभाळच दिसतं, परस दिसतच नाय.”

खिडकीचा उंबरा जमिनीपासून तीन फुटांवर घ्यायचा, हे मी शिकल्यापासून आजवर न विचारता करत आले होते. खाली बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर असतात. तीन फुटांवरची खिडकी तिच्यासाठी भिंतच. आम्ही त्या टोकाच्या कोपऱ्यात जांभ्याचा, वीतभर उंचीचा त्रिकोणी ओटा केला. मुलगा आधी नको म्हणत होता, मग त्यानेच चिरे तासून आणले. परसाकडच्या बाजूला खिडकी घेतली, तिचा उंबरा जमिनीपासून दीड फुटावर, बाहेरून उभे गज. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, ही बाजू त्याच्या विरुद्ध, म्हणून खिडकी खाली घेऊनही झड आत येत नाही. माजघराकडचा उजेड एका अंगाने आणि परसाकडचा दुसऱ्या अंगाने, असे दोन उजेड खोलीत आले. अलेक्झांडर यांच्या पुस्तकात दोन बाजूंनी उजेड येणाऱ्या खोलीचा एक स्वतंत्र नमुना आहे. माणसं अशा खोलीत आपसूक येऊन बसतात, असं त्यांचं निरीक्षण. त्या घरात आता दुपारी सुना-नातवंडं मागच्या खोलीत असतात, ओटीवर कुणी नसतं.

त्या कामानंतर मी खेळात म्हातारी बाई ठेवते तेव्हा तिच्यासाठी मुद्दाम बुटकी आसनं शोधते आणि खिडक्या खाली ओढते. पण ज्या गोष्टी खेळ दाखवू शकत नाही त्यांची यादी मी माझ्या वहीत वेगळी ठेवली आहे, आणि तिच्यात भर पडतच असते.

भिंतीची जाडी हे त्यातलं पहिलं. खेळात भिंत चौकटीच्या रेषेवर उभी राहते आणि जागा जवळपास खातच नाही. आमची जांभ्याची भिंत गिलाव्यासकट फुटाच्या आसपास. आठ फुटांच्या खोलीत दोन वाटणीभिंती आल्या की काय उरतं ते सांगायला नको. म्हणून खेळात सुंदर दिसणारे छोटे-छोटे कोनाडे प्रत्यक्षात मी फार कमी घेते. आतली आडभिंत घालायचीच असेल तर लाकडी घेते, किंवा कमरेइतकीच. खोलीचे दोन भाग पडल्याचं मनाला कळायला तेवढी पुरते. हा धडा उलट खेळानेच दिला: तिथं बुटकं कुंपण घालून एका लांबट खोलीच्या दोन खोल्या करता येतात आणि सिमला दोन्हींकडचं दिसत राहतं.

दुसरं, आणि सगळ्यात मोठं, छप्पर. खेळात वाकड्या घरावर छप्पर चढवणं हे सगळ्यात कटकटीचं काम समजलं जातं. तुकडे एकमेकांत घुसवायचे, टोकं ओढायची, बाहेरून बरं दिसेपर्यंत खटपट करायची. पण ते कितीही फसलं तरी गळत नाही. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. दोन उतार जिथं आत वळून मिळतात तिथं पन्हळ येते आणि घर गळायचं तर तिथूनच गळतं. कोपरा बाहेर वळला तर कोनवासा लागतो, आणि कोन नव्वदाचा नसला की तो कोनवासा आणि त्याला येऊन मिळणारे सगळे वासे निरनिराळ्या मापांचे कापावे लागतात. कौल मात्र एकाच मापाचं येतं. ते तिरकं कापलं की फुटतं. आमच्या भागात हे हिशेब तोंडी करणारे सुतार आता थोडे राहिलेत. निसर्गनंतर पुष्कळांनी कौलं सोडून पत्रे घातले त्यामागे पैशाइतकंच हेही कारण होतं: पत्रा तिरका कापता येतो. उन्हाळ्यात त्याखाली काय होतं ते राहणाऱ्यांना विचारा. म्हणून वाकड्या खोलीचा विचार मी आता वरून खाली करते. सगळ्या घरावर एकच उतार ओढता येईल का, एवढं सुतारदादांना आधी विचारायचं. आला तर खालच्या भिंतींनी किती का वाकडं असावं.

लहान जागेबद्दलही थोडं. जानेवारी २०२० मध्ये खेळात इवल्या घरांचा एक भाग आला: ३२ चौकटींपर्यंतचं घर सगळ्यात लहान गटात, मग ६४ पर्यंत, मग १०० पर्यंत. घर जितकं लहान तितके त्यात राहणाऱ्याला फायदे जास्त. तिकडे ती हौस आहे. इकडे ग्रामीण आवास योजनेच्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसकट, म्हणजे खेळातल्या सगळ्यात लहान गटातच बसणारं, आणि त्यात पाच-सहा माणसं. मी घरकुलाचे नकाशे त्या ३२ चौकटींत लावून बघते. दारं समोरासमोर घेतली की चालण्याच्या वाटेतच खोलीचा मोठा वाटा जातो. दोन्ही दारं एकाच भिंतीच्या बाजूने ठेवली की उरलेला तुकडा एकसंध राहतो आणि रात्री त्यात एक अंथरूण जास्त पडतं. घरकुलाला जागा मिळते तीही बहुधा उताराची, कोपरा कापलेलीच. तिथं नकाशातला सरकारी चौकोन जसाच्या तसा बसवण्याऐवजी एक भिंत हद्दीबरोबर तिरकी नेली तर तेवढ्याच खर्चात दोन-तीन फूट जागा वाढते. हे मी लोकांना पटवत असते.

अडचण पुष्कळदा वास्तूच्या नावाने येते. पुढून अरुंद, मागे रुंद ती जागा गोमुखी, चालते. उलट असेल ती वाघमुखी, नको. ईशान्येचा कोपरा कापलेला असेल तर घरात बोलणंच बंद होतं. मी या बाबतीत वाद घालत नाही, कारण भीती घेऊन माणूस त्या घरात झोपणार असतो. मी खोलीचं चित्र दाखवते, त्यात माणूस चालवून दाखवते, आणि देव्हारा पहिल्यांदा बसवते. देव्हाऱ्याची जागा मनासारखी झाली की बाकीच्या तिरक्या भिंती लोक सहज स्वीकारतात, असा माझा अनुभव आहे.

तळगडावर आणि कुड्याच्या लेण्यांत मी कामासाठी म्हणून जाते, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. गडाचा माथा लांबुळका आणि अरुंद. बांधणाऱ्यांनी डोंगराची कड धरून तट नेला, कातळ जिथं मिळाला तिथं पाण्याची टाकी खोदली. कुणीही तिथं चौकोन आखायला गेलं नाही. कुडे लेणी आमच्याच तालुक्यात, मांदाडच्या खाडीकडे तोंड करून. २६ लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. शिलालेखांत दान देणाऱ्यांत माळी आहे, वैद्याचं कुटुंब आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. पुष्कळशी लेणी अगदी लहान: बाहेर ओवरी, आत खोली, तिच्या आत कोठडी आणि कोठडीत दगडातच ठेवलेला झोपायचा ओटा. कोरणाऱ्याला सामान नंतर आणून ठेवायची सोय नव्हती. झोपणारा माणूस कुठं झोपेल हे पहिल्या घणाआधी ठरलेलं. ओवरीतून आत पाऊल टाकल्यावर ओट्यापर्यंत वाट मोकळी आहे की नाही, ते मी तिथं प्रत्येक वेळी चालून बघते. कोपरे फार काटेकोर नाहीत. त्या माणसांनी झोप, उजेड आणि वाट एवढ्याच गोष्टी नीट सांभाळल्या.

सध्या माझ्यासमोर रस्त्याकडेचं एक घर आहे. जुन्या वळणामुळे त्याच्या ओटीला पाच बाजू झाल्यात. घरमालक शारजात असतात. त्यांना ती ओटी तोडून चौकोनी हॉल हवा होता, सोफा तीन अधिक दोन. मी त्यांना खेळात दोन्ही करून पाठवलं. चौकोनी हॉलमध्ये सोफा बसतो खरा, पण गणपतीत भजनाला येणारी माणसं कुठं बसतील, हे त्यांच्या आईने फोनवर विचारलं. मी पाचही भिंतींना लागून सलग कट्टा दाखवला: दीड फूट रुंद, खाली सामानाला फळ्या, मधली जमीन पूर्ण मोकळी. खेळात मी तिथं मावतील तेवढी माणसं बसवून ठेवली आणि चित्र त्यांना पाठवलं. सोफा आता माजघरात जाणार आहे. छपराचं अजून ठरायचं आहे. पाच बाजूंवर एकच उतार ओढला तर रस्त्याकडची पागोळी नेमकी पायरीवर पडते, आणि दोन उतार केले तर पन्हळ बरोबर देव्हाऱ्याच्या डोक्यावर येते. सुतारदादा रविवारी माप घ्यायला येणार आहेत. आईंनी मात्र कौलंच हवीत म्हणून आतापासूनच बजावून ठेवलंय.